रस्ता कुणासाठी रुंद करायचा?

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल बंद झाला. त्याचा सर्वांत जास्त आनंद कुठे झाला असेल, तर तो ठाण्यात. मुलुंडचा आनंदनगर नाका काय किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावरचा नाका काय, दोन्ही ठाणेकरांच्या अगदी उंबऱ्यावर. मुलुंडला बहिणीकडे जेवायला जायचे तरी ४५ रुपये मोजावे लागतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येत असे आणि ती रास्तही होती. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

पण हा टोल मुळात होता कशाचा? १९९५ नंतर मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधायचे ठरले. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुलांचा खर्च वसूल करण्यासाठी हे नाके आले. म्हणजे पैसे घेतले गेले ते रस्ता बांधून दिल्याबद्दल. 'शक्यतो मोटार आणू नका' असे त्या नाक्याने कधी कुणाला सांगितले नाही. साधारण त्याच सुमारास, १७ फेब्रुवारी २००३ रोजी, लंडनने शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्याकडून दिवसाला ५ पौंड घ्यायला सुरुवात केली. तिथे हेतू उघड होता: मोटारी कमी व्हाव्यात. ज्या दिवशी आकार लागू झाला त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बसही रस्त्यावर उतरवल्या गेल्या आणि जमा होणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचे बंधन कायद्याने घातले गेले. आपण ज्या पैशातून पूल बांधले, तशाच पैशातून त्यांनी बस चालवल्या. आज आपल्याकडे पूल आहेत, मोटारवाल्याचा टोल गेला आहे आणि बसथांब्यावरची रांग आहे तशीच आहे.

ठाण्याला रुंद रस्त्याचे कौतुक का वाटते, हे समजून घ्यायला मात्र थोडे मागे जावे लागते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर ठाण्याचे महापालिका आयुक्त होते. त्यांनी बुलडोझर लावून रस्ते मोकळे केले. वर्षानुवर्षे विकास आराखड्याच्या नकाशातच राहिलेली रुंदी जमिनीवर आली. ज्यांची दुकाने, घरे गेली त्यांनी शिव्याशाप दिले, पण सामान्य ठाणेकराला पहिल्यांदाच वाटले की, आपल्याही शहरात काही होऊ शकते. पुढे नागपूरलाही त्यांनी तेच केले आणि तिथेही लोक त्यांचे नाव अजून काढतात. हा मोठेपणा कुणी नाकारू नये. प्रश्न आहे तो मिळालेल्या रुंदीचे पुढे काय झाले याचा. नौपाड्यातून किंवा राममारुती रोडवरून संध्याकाळी पायी चालून पाहा. दोन्ही कडांना उभ्या मोटारी आणि स्कूटर, आणि चालणारा माणूस त्यांच्या व धावत्या रिक्षांच्या मधल्या फटीत. माणसांची घरे मागे सरकवून मोकळी केलेली जागा शेवटी उभ्या वाहनांना मिळाली.

त्याच काळात ठाण्याचे कारखाने एकेक करून बंद होत होते. आजही बसचे थांबे कारखान्यांच्या नावानेच ओळखले जातात. नितीन कंपनी, कॅडबरी जंक्शन. नव्याने राहायला आलेल्याला वाटावे की ही कुठल्या थोर पुरुषांची नावे असतील. कारखान्यांच्या जागी टॉवर उठले आणि माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना शहर पसरले. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे उड्डाणपूल झाले. तरी संध्याकाळी घरी पोचायला लागणारा वेळ आटोक्यात आला नाही.

असे का होते? अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच याचे उत्तर दिले होते: मोठ्या शहरातला रस्ता कितीही रुंद केला तरी गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. यात जादू काही नाही. रस्ता मोकळा झाला की कोंडी चुकवायला पहाटे निघणारा शेजारी सावकाश साडेआठला निघू लागतो. दुसऱ्या रस्त्याने जाणारा या रस्त्याला येतो. लोकलने जाणारा म्हणतो, आता मोटार परवडेल. आणि आपल्याकडे चौथी गोष्ट घडते, ती सर्वांत मोठी. रस्त्याची नुसती घोषणा झाली की इमारतींचे फलक लागतात, 'हायवेपासून दहा मिनिटांवर'. फ्लॅट विकले जातात, प्रत्येक फ्लॅटमागे एखादी तरी गाडी येते आणि ती दहा मिनिटे कायमची फलकावर राहतात.

यावर डोंबिवलीचा वाचक चिडून म्हणेल, 'तुमचे तत्त्वज्ञान ठाण्यात ठेवा, आमच्याकडे पूलच नाहीत.' त्याचे म्हणणे खरे आहे. कल्याण आणि डोंबिवली ही रेल्वेने मधोमध चिरलेली गावे. इंग्रजांच्या काळातला, शंभरी ओलांडलेला कल्याणचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडले. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तो दोन वर्षांनी उघडला. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेच्या दवाखान्यात जायचे तर सगळ्या गावाने एकाच पुलावर गर्दी करायची, असे ते दिवस होते. असा पूल म्हणजे घराच्या दोन खोल्यांमधला दरवाजा. तो बांधायलाच हवा. २०२५ मध्ये खुला झालेल्या मोठागाव-माणकोली पुलानेही खाडीपलीकडची वाट जवळ केली, त्याबद्दल डोंबिवलीकरांना आनंद वाटणे साहजिक आहे. तुटलेली गावे जोडणारा पूल वेगळा आणि भरलेल्या रस्त्याला आणखी दोन पदर लावणे वेगळे, एवढा विवेक ठेवला तर अर्धा वाद मिटेल.

उरलेला वाद मोटारीचा. त्याआधी रेल्वेचा हिशेब मांडायला हवा. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. ही तिन्ही शहरे आज जी आहेत ती त्या रुळांमुळे. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात. रस्त्याच्या एका पदरातून, मध्ये एकही सिग्नल नसेल तर, तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार झाले. म्हणजे एका लोकलमधली माणसे मोटारीने न्यायची तर जवळजवळ दोन पदर तासभर त्यांनाच द्यावे लागतील. आणि अशा लोकल काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. एवढे पदर घोडबंदरला काय, पण अमेरिकेतसुद्धा कुणी बांधू शकलेले नाही.

तरीही डोंबिवलीचा माणूस मोटार का घेतो? हौस म्हणून थोडे, पण पुष्कळदा भीतीमुळे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्या दिवशी गेले. ते कामावर निघाले होते, दुसरे काही करत नव्हते. ती बातमी वाचल्यावर ज्या घरात हप्ता भरण्याची थोडी ऐपत होती, तिथे आईने किंवा बायकोने काय म्हटले असेल ते सांगायला नको. अशा माणसाला 'मोटार वापरू नका' असे सांगणारा, त्याला पुन्हा त्या दारात उभे करत असतो.

इथेच जे. एम. थॉमसन या इंग्रज अभ्यासकाचे म्हणणे उपयोगी पडते. मोठ्या शहरांच्या वाहतुकीवर त्याने १९७७ मध्ये लिहिले. त्याचा मथितार्थ असा की, रस्त्यावरची कोंडी किती असेल हे बऱ्याच अंशी रेल्वे ठरवते. गाडी चांगली असेल तर माणूस मोटार घरी ठेवतो. गाडी वाईट झाली की तो रस्त्यावर येतो आणि दोन्हीकडचा प्रवास सारखाच नकोसा होईपर्यंत येतच राहतो. तेव्हा घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीचे मूळ शोधायचे तर डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभे राहायला हवे.

आणि नेमके तिथेच आपण हात आखडता घेतला. मुंबईतले उड्डाणपूल पाच-सहा वर्षांत उभे राहिले. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. याहून बोलके उदाहरण ऐरोलीचे आहे. कल्याण-डोंबिवलीची कितीतरी मुले-मुली ऐरोलीच्या कचेऱ्यांत नोकरीला आहेत. त्यांना गर्दीतून ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागू नये म्हणून कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. दिघा स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण कळव्याकडचा मुख्य जोड घरांच्या पुनर्वसनात अडकून पडला. त्याच प्रवासासाठी ऐरोली-काटई नाका असा रस्ता मात्र पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढून पुढे गेला. डोंगर फोडणे सोपे ठरले आणि काही घरांना दुसरीकडे जागा देणे अवघड ठरले.

मोटारीला आळा घालण्याचे आपल्याकडे काहीच झाले नाही, असेही नाही. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला सॅटिसचा पूल आहे. त्यावर जागा बसला, खाजगी मोटारीला नाही. तो बांधताना लोकांनी नाके मुरडली होती. आज ठाणे परिवहनची बस रिक्षांच्या गराड्यात न अडकता थेट फलाटालगत येते, ही सोय कुणी परत देईल का? दुसरे उदाहरण डोंबिवलीच्या फडके रोडचे. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेत तो रस्ता माणसांनी भरतो, वाहने बाजूला राहतात आणि गावाचे काहीही अडत नाही. वर्षातले हे एक-दोन दिवस डोंबिवलीकर परगावच्या पाहुण्याला मोठ्या अभिमानाने दाखवतात.

परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये सांगितले की, गाडी उभी करायला जागा असल्याचा दाखला असेल तरच नवी गाडी नोंदवायची. सरनाईक ओवळा-माजिवड्याचे आमदार, म्हणजे घोडबंदरची कोंडी त्यांच्या मतदारसंघातलीच. जपानने हा कायदा १९६२ मध्ये केला. आपल्याकडे तो आणायचा तर डोंबिवलीतल्या जुन्या तीन मजली सोसायट्यांचे काय, जिथे स्टिल्ट पार्किंग ही कल्पनाच तेव्हा नव्हती, हा प्रश्न येईल. खोटे दाखले मिळतील हीही भीती आहे. तरी रस्ता म्हणजे आपल्या गाडीचे फुकटचे गॅरेज नव्हे, एवढे तरी त्यातून मान्य होते. स्टॉकहोमने लोकांची भीती घालवायला चांगली युक्ती केली. २००६ मध्ये सात महिने आकार प्रायोगिक म्हणून लावला, रहदारी सुमारे एक पंचमांशाने घटली आणि मग लोकांचे मत घेतले. अनुभव घेतलेल्यांनी होकार दिला.

आपल्याकडे क्रम चुकवून चालणार नाही. आजारी आईला मोटारीने नेणाऱ्यावर कुणी बोट ठेवू नये. ठाणे परिवहन १९८९ ची, कल्याण-डोंबिवलीची बससेवा १९९९ ची. पण रात्री स्टेशनबाहेर उतरलेल्याला अजूनही बसपेक्षा शेअर रिक्षाचीच खात्री वाटते. आधी बस, तिच्यासाठी राखलेला पदर आणि चालायला पदपथ. मोटारीवरचा आकार त्यानंतर, आणि त्याचा पैसा याच कामाला. लंडनने दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या म्हणून लोकांनी त्या सोसल्या.

यातले आपण काय निवडतो ते सध्या घोडबंदर रस्त्यावर दिसते आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी गायमुख ते विजय गार्डन अशी मेट्रोची चाचणी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोलाही मान्यता दिली आहे. या मेट्रोमुळे घोडबंदरची माणसे मोटार घरी ठेवू शकतील. पण त्याच घोडबंदरला दोन्ही बाजूंचे सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिसळून तो रुंद करण्याचे काम काढले गेले आणि रहिवाशांनी त्याला विरोध केला. सेवारस्त्यावर शाळेची बस थांबते, भाजीवाला बसतो, म्हातारी माणसे संध्याकाळी पाय मोकळे करतात. उद्या मेट्रो सुरू झाल्यावर कासारवडवलीला जिना उतरून खाली आलेला माणूस पाय कुठे ठेवणार, त्याची बस कुठे थांबणार आणि भरधाव मोटारींचे ते सगळे पदर ओलांडून तो समोरच्या सोसायटीत कसा पोचणार, हे काम काढणाऱ्यांनी त्या रहिवाशांना नकाशा उलगडून दाखवायला हवे.