दोन तक्त्यांची सांगड आणि नजरेआड राहणारी चूक

परदेशातील अनेक मराठी मंडळांचा हिशेब आज एक्सेलच्या तक्त्यांत ठेवला जातो. एका तक्त्यात सभासदांचे क्रमांक, नावे व पत्ते असतात. दुसऱ्यात क्रमांक आणि जमा झालेली वर्गणी. निवडणुकीत मतदानाचा अधिकार वर्गणी भरलेल्यांनाच असेल, तर मतदारयादीसाठी या दोन तक्त्यांची सांगड घालावी लागते. ‘व्हीलुकअप’ हे सूत्र ते काम क्षणात करते. मात्र ते चुकते, तेव्हा पुष्कळदा निमूटपणे चुकते.

या सूत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात : काय शोधायचे, कोणत्या तक्त्यात शोधायचे, तेथील कितव्या स्तंभातील नोंद आणायची आणि जुळणी तंतोतंत हवी की जवळपासची चालेल. चौथी गोष्ट सांगितली नाही, तर एक्सेल जवळपासची जुळणी गृहीत धरते. पहिला स्तंभ चढत्या क्रमाने लावलेला आहे असे मानून शोध घेतला जातो आणि नेमका क्रमांक न सापडल्यास त्याच्या लगतच्या लहान क्रमांकाची नोंद आणली जाते. समजा, १०४७ क्रमांकाच्या सभासदाने वर्गणी भरलेलीच नाही. सूत्र १०४६ ची रक्कम त्याच्या नावापुढे मांडते आणि थकबाकीदार मतदार ठरतो. उत्पन्नावरून कराचा टप्पा ठरवताना हीच पद्धत उपयोगी पडते. माणसे ओळखताना ती घातक ठरते. म्हणून चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहून तंतोतंत जुळणी मागावी. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्सलुकअप’ सूत्रात तंतोतंत जुळणी हाच मूळ नियम आहे.

तरीही दोन अडचणी उरतात. बँकेच्या यादीतून आलेला क्रमांक अंक म्हणून न साठता मजकूर म्हणून साठला असेल, तर डोळ्यांना सारखा दिसूनही तो जुळत नाही आणि ‘#एन/ए’ उमटते. ती खूण झाकण्यासाठी तेथे शून्य आणले, की वर्गणी भरलेला सभासदही थकबाकीदार दिसू लागतो. दुसरी अडचण हप्त्यांची. सूत्र पहिली जुळणारी नोंद घेऊन थांबते. दुसरा हप्ता हिशेबात येतच नाही. अशा वेळी त्या क्रमांकाच्या सर्व रकमांची बेरीज करणारे ‘समइफ’ वापरावे.

सांगड नावावरून घालणे तर अधिकच जोखमीचे. रोमन लिपीत एकाच आडनावाची दोन-तीन रूपे होतात आणि एकाच नावाचे दोन सभासदही असू शकतात. प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक हाच भरवशाचा दुवा.

शेवटी एक साधी पडताळणी करावी. सभासदांपुढे आलेल्या रकमांची बेरीज वर्गणीच्या तक्त्यातील एकूण जमेशी ताडून पाहावी. फरक निघाला, तर यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे. आकडा जुळला, तरी चार-दोन नोंदी मूळ पावत्यांशी पडताळाव्यात; कारण परस्परविरुद्ध चुका एकमेकींना झाकू शकतात.