वऱ्हाडच्या जमिनीचे दीडशे वर्षांचे दफ्तर

पृथ्वीवरील जमीन मनुष्याने सहस्रावधी वर्षांत कशी वापरली आणि हा वापर पुढे कितपत टिकेल, याचा मागोवा घेणारे एक स्वतंत्र शास्त्र आता उभे राहिले आहे. नेदरलँड्समधील केस क्लाइन गोल्डेवाइक व त्यांचे सहकारी यांनी 'हाइड' या नावाने जो संग्रह सिद्ध केला आहे, त्यात सारे जग लहान लहान चौकटींत विभागून नांगरटीची व चराईची जमीन काळाच्या क्रमाने दाखविली असून, 1700 पासून आजवर जगातील पिकाखालचे क्षेत्र सुमारे पाचपट झाले, असे त्यावरून दिसते. मात्र जुना लेखी दाखला जेथे नाही तेथे हे अभ्यासक बहुतांशी लोकसंख्येवरून अंदाज बांधतात; इतकी माणसे, म्हणून त्यांच्या पोटाला इतके वावर, असा तो हिशेब. वऱ्हाडातल्या माणसाला ही रीत सहसा पटायची नाही.

कारण 1853 च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन एकाएकी साऱ्या साम्राज्याच्या नजरेत भरली. रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला गेला, अकोला व बडनेरा या गावांवरून जाणारा लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोचला, आणि बाहेरून जी माणसे येथे वस्तीस आली तीही बरीचशी कपाशीच्या मागोमाग आली. येथली जमीन उलटली ती पोटासाठी नव्हे, बाजारासाठी.

त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाईश झाली. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर पडला. मातीची खोली मोजून आणि चुनखडी, वाळू, उतार इत्यादी दोष पाहून तिची आण्यांत प्रत ठरविली गेली. हेतू अर्थातच शेतसाऱ्याचा होता, शास्त्राचा नव्हता. परंतु महसुलाच्या लोभापायी का होईना, धुऱ्याधुऱ्याने लिहिलेला असा दाखला जगात फार थोड्या प्रांतांपाशी आहे.

या वाढीची किंमत प्रथम ढोरांनी भरली. चराईची राने नांगराखाली गेली, आणि 1899-1900 च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरांचा संहार झाला. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने कापूस, कुरण आणि दुष्काळ यांचा हा संबंध विस्ताराने उकलून दाखविला आहे. गावोगावी 'ई-क्लास' म्हणून चराईचे जे तुकडे आज उरले आहेत, त्यांवरील अतिक्रमणाचे तंटे हे त्याच जुन्या प्रकरणाचे पुढचे पान समजावे.

यानंतर सपाटीवर नव्याने मोडण्याजोगे रान फारसे उरले नाही, म्हणून पुढचे सारे स्थित्यंतर धुऱ्याच्या आतच घडले. ज्वारी हटली आणि सोयाबीन आले; 2002 नंतर बीटी कपाशीने गावठी वाणांची उरलीसुरली जागाही घेतली. वार्षिक तक्त्यात 'पिकाखालील क्षेत्र' जवळपास तेच राहते. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची बैलजोडी गेली, बैलांबरोबर शेणखत गेले, आणि त्या एका स्तंभात याची कोठे नोंद नाही!

आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाचीही हीच अडचण आहे. 1972 पासून लँडसॅटने पृथ्वीची चित्रे घेण्यास आरंभ केला, त्यामुळे या शास्त्राला डोळा लाभला खरा. पण त्या डोळ्याला आच्छादन दिसते, उपयोग दिसतोच असे नाही. वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा वरून हिरवागार दिसतो, आणि झाडांची ती गर्दी पाहून परका अभ्यासक समाधानाने मान डोलावील; परंतु या भागातील भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याने सरकारदरबारी तो अतिशोषित ठरला आहे आणि बागाईतदार त्याला 'डार्क झोन' म्हणतात. विहीर आटली की आत आडवे बोअर, तेही आटले की बांधावर उभे बोअर, असा तेथला क्रम आहे. झाड तेच, हिरवेपणा तोच; खालचे पाणी मात्र वर्षागणिक अधिक खोल.

दर्यापूरच्या बाजूस गेले की याच्या अगदी उलट चित्र. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, म्हणून ओलिताची सोय नाही; उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या त्या मातीत पावसावर खरीप आणि उरल्या ओलीवर हरभरा, एवढीच वहिवाट. आपण या पट्ट्याला मागासलेला म्हणत आलो. ओलिताची हाव निसर्गानेच रोखल्यामुळे वरूडसारखा उपसा येथे झाला नाही, ही गोष्ट त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण शाश्वततेची मोजदाद करणाऱ्याने ती विसरू नये. शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या गोड पाण्याने एखाददुसरे संरक्षित ओलित देणे, हा मार्ग मला येथे कालव्यापेक्षा अधिक सुरक्षित वाटतो, कारण निचरा न होणाऱ्या मातीत कालव्याचे पाणी मुरवले तर क्षार वर येण्याचे भय असते.

अशा अभ्यासाला लागणारी साधने वऱ्हाडच्या आवाक्यात आहेत. जमिनीच्या उपयोगाचे नियोजन करणारी राष्ट्रीय संस्था 1976 पासून नागपुरात आहे, अकोल्यास 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि 2021 पासून खातेदार स्वतःच मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवितो. उणीव आहे ती जुने आणि नवे कागद एकत्र वाचण्याची. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एकेक मौजा घ्यावा, तहसिलीच्या अभिलेखागारातील पेरेपत्रके दशकादशकाने उतरवून काढावीत, आणि प्रत्येक दशकासमोर त्या गावच्या विहिरींची खोली व बैलजोड्यांची संख्या वृद्धांना विचारून लिहावी. हे काम ताबडतोब सुरू झाले पाहिजे, कारण ज्वारीच्या दिवसांचे बैल हाकलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.