मधुमेह नसताना साखर का वाढते?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली हात सापडतो. १०८ची रुग्णवाहिका कामगाराला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात आणते. बोटाला सुई टोचून साखर पाहावी, तर २००च्या वर! घरचे म्हणतात, "अहो डॉक्टर, त्याला शुगर नाहीये." बहुतेकदा खरंच नसते.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी काही सेकंदांत ॲड्रिनलिन सोडतात. नाडी धावते, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त मेंदू-हृदयासाठी राखले जाते. मागोमाग, मेंदूच्या इशाऱ्यावर, कॉर्टिसॉल वाढते. यकृत साठवलेली साखर मोकळी करते. इन्सुलिनला तेवढ्यापुरते कुणी जुमानत नाही.

रक्तवाहिन्या अशा आवळण्यात एक फसगत आहे. धडधाकट तरुणाचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत ठीक दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर न विसंबता नाडी, घाम, गार पडलेले तळवेही पाहायचे.

आणि हे कॉर्टिसॉल दाबले तर? १९८३मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांना अतिदक्षता विभागातल्या जखमींमध्ये मृत्यू वाढल्याचे दिसले. गुंगीसाठी सतत दिले जाणारे एटोमिडेट हे औषध कॉर्टिसॉलची निर्मितीच रोखत होते. आज ते भूल देताना एखाद्या डोसापुरते वापरतात. ठिबकत ठेवत नाहीत.