रोहिणीचे अस्तर

सशाच्या महारोहिणीची मळसूत्री आकारात कापलेली पट्टी क्षारद्रावात टांगून तिच्यावर ॲसिटिलकोलीन सोडले असता ती आकुंचन पावते, असा निष्कर्ष रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासह १९५३ साली प्रसिद्ध केला. आणि तेच द्रव्य जिवंत प्राण्याच्या रक्तात गेले की रोहिण्या सैलावतात व रक्तदाब उतरतो, ही गोष्ट तेव्हाही शरीरक्रियाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक होती. एकाच द्रव्याविषयी काचपात्राने एक साक्ष द्यावी आणि देहाने दुसरी, हा विसंवाद पुढे पाव शतक नुसता दप्तरी दाखल होऊन पडला. १९७८ साली ब्रुकलिन येथील त्यांच्या प्रयोगशाळेत सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला: आधीच्या औषधाने आकसलेल्या रोहिणीच्या कड्या धुऊन काढण्यापूर्वीच त्याने ॲसिटिलकोलीनच्या जातीचे द्रव्य त्यांच्यावर सोडले, आणि त्या कड्या अधिक आकसण्याऐवजी सैल पडल्या.

अशा वेळी सहायकाला दोन शब्द सुनावून प्रयोग पुन्हा लावण्याकडे बहुतेकांचा कल असतो. साठी ओलांडलेल्या फर्चगॉट यांनी तसे न करता त्या चुकीची शहानिशा आरंभिली, आणि कड्या सैलावतात व पट्ट्या मात्र आकसतात याचे कारण शोधता शोधता त्यांच्या ध्यानात आले की, पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जाते व त्या घर्षणाने रोहिणीचा अंतःस्तर, म्हणजे एकाच पेशीच्या जाडीचे ते आतले अस्तर, निघून जाते. मग त्यांनी एक विलक्षण सुंदर प्रयोग रचला. अंतःस्तर खरवडून काढलेली एक पट्टी घेतली, ती ॲसिटिलकोलीनला सैलावत नाही याची खात्री करून घेतली, आणि नंतर अंतःस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तिला आतल्या अंगाने लावून दोन्ही एकत्र टांगल्या. तेव्हा पहिलीही सैलावू लागली. अंतःस्तरातून काहीतरी पाझरते आणि ते पलीकडच्या स्नायूला सैल होण्याचा हुकूम देते, याविषयी त्यानंतर संशयाला जागा उरली नाही. हा वृत्तांत १९८० साली ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झाला.

ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, मोटारींच्या धुरात सापडणारा एक साधा वायू, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. १९८६ साली फर्चगॉट व लुई इग्नॅरो यांनी स्वतंत्रपणे तसे अनुमान मांडले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील बेकनहॅम येथील वेलकम प्रयोगशाळेत साल्व्हाडोर मोंकाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतःस्तराच्या पेशींतून हा वायू खरोखरच बाहेर पडतो हे मोजून दाखविले. १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना मिळाले. मोंकाडा वगळले गेले, आणि तिघांहून अधिकांस पारितोषिक द्यावयाचे नाही हा नियम किती कठोर आहे याचा आणखी एक दाखला मिळाला. नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर संपत्ती मिळविणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात वैद्यांनी हृदयविकारासाठी तेच नायट्रोग्लिसरीन घ्यावयास सांगितले होते, आणि ते शरीरात याच वायूच्या द्वारा काम करते, हा योगायोग मात्र कोणा कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला धारेवर धरले असते.

रोहिणीला निर्जीव नळ समजून तीत गाळ साचला की हृदयविकार होतो, अशी जी समजूत आपल्याकडे अजूनही रूढ आहे, तिला या शोधाने मुळातून धक्का दिला. नायट्रिक ऑक्साइड तयार झाल्यापासून काही क्षणांतच नष्ट होतो; म्हणजे अंतःस्तराला तो अहोरात्र निर्माण करीत राहावे लागते. रोहिणी सैल ठेवणे, रक्तातील बिंबिकांना एकत्र गोळा होऊ न देणे, पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देणे, आणि भिंतीतल्या स्नायुपेशींच्या अवाजवी वाढीला आळा घालणे, एवढा कारभार त्या क्षणभंगुर वायूवर अवलंबून आहे. हे उत्पादन घटले, तर गाळ दिसू लागण्याच्या कितीतरी आधी रोहिणीची प्रकृती बिघडलेली असते.

उत्पादन घटते कसे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधक ऑक्सिजनच्या एका उपद्रवी रूपाशी येऊन थांबले. ऑक्सिजनच्या रेणूला एक अधिक इलेक्ट्रॉन चिकटला की सुपरऑक्साइड तयार होतो. जो मॅककॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्याचा निचरा करणारे विकर शोधून काढले, तेव्हा असा घातक कण शरीरात नित्य जन्मतो हेच प्रथम सिद्ध झाले. पुढे असे दिसून आले की सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ पडताच दोघांचा संयोग इतक्या वेगाने होतो की ते विकरसुद्धा मागे पडते. हितकारी वायू खर्ची पडतो आणि त्याच्या जागी पेरॉक्सिनायट्राइट नावाचे विध्वंसक संयुग उरते. मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल या चारही मार्गांनी भिंतीतला सुपरऑक्साइड वाढतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही की, नायट्रिक ऑक्साइड निर्माण करणाऱ्या विकराला त्याचे साहाय्यक द्रव्य पुरेसे मिळाले नाही, किंवा ते ऑक्सिडीकरणाने नासले, तर तेच विकर वायू सोडून सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. कुंपणानेच शेत खावे असा हा प्रकार होय.

त्यात कोलेस्टेरॉलची भर पडते. डॅनिएल स्टाइनबर्ग यांनी १९८०च्या दशकात प्रतिपादन केले की, भिंतीत शिरलेल्या चरबीयुक्त कणांचे ऑक्सिडीकरण झाल्यावरच भक्षक पेशी ते अधाशासारखे गिळतात आणि फेसाळ होऊन तिथेच ठाण मांडतात. तेव्हा ऑक्सिडीकरण थांबविले की विकार थांबेल, हा निष्कर्ष इतका सरळ होता की तो खोटा ठरेल असे कोणालाही वाटले नाही.

इथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण विज्ञानाच्या इतिहासात सुंदर तर्काचा इतका स्वच्छ पराभव क्वचितच नोंदला गेला असेल. १९९६ साली केंब्रिजमध्ये दोन हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकाराचे प्राणघातक नसलेले झटके पुष्कळ घटले, म्हणून सर्वत्र आनंद झाला. मृत्यू मात्र कमी झाले नव्हते, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. नंतर ब्रिटनमध्ये २०,५३६ व्यक्तींवर सुमारे पाच वर्षे चाललेली मोठी चाचणी झाली आणि तिचा निकाल २००२ साली जाहीर झाला. ई व सी जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांच्या रक्तात ई जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट झाले, म्हणजे गोळ्या अंगी लागल्या. पण झटके, पक्षाघात व मृत्यू यांत तिळमात्र फरक पडला नाही. त्याच चाचणीत, त्याच माणसांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले गेले त्यांचे मोठे वाहिनीविकार सुमारे एक चतुर्थांशाने घटले. याहून निःपक्षपाती निवाडा कोणता असावा?

अपयशाचे कारण पाहिले तर ते रसायनशास्त्रातच दडलेले होते. सुपरऑक्साइडशी संयोग होण्याचा जीवनसत्त्वांचा वेग नायट्रिक ऑक्साइडच्या मानाने हजारो पटींनी मंद. ती घटनास्थळी पोहोचेपर्यंत काम आटोपलेले असते. शिवाय हेच उपद्रवी कण अल्प प्रमाणात पेशींचे निरोपही वाहतात, तेव्हा त्यांना सरसकट हद्दपार करणे इष्टही नाही. औषधांच्या दुकानांत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापलेल्या बाटल्या अजून खपतात, त्या या निकालाची दखल घेऊन नव्हे.

दुखापतीची बाजू ही अशी. दुरुस्तीची बाजू याहून कमी गुंतागुंतीची नाही. अंतःस्तराला चरा पडला की कडेच्या पेशी विभागून, सरकत सरकत ती जागा झाकतात, एवढेच बरीच वर्षे मानले जाई. १९९७ साली बॉस्टन येथे ताकायुकी आसाहारा व जेफ्री इझ्नर यांनी रक्तातून अंतःस्तराच्या पूर्वज-पेशी वेगळ्या केल्याचे जाहीर केले, आणि अस्थिमज्जेतून कारागीर येऊन रोहिणीची डागडुजी करतात या कल्पनेने संशोधकांना अक्षरशः झपाटले. पुढे बारकाईने पाहता, पूर्वज-पेशी म्हणून गणल्या गेलेल्या पुष्कळशा पेशी पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या निघाल्या. त्या भिंतीत स्वतः बसत नाहीत, वाढीस चालना देणारी द्रव्ये सोडून शेजाऱ्यांना कामाला लावतात. दावा आटोपशीर झाला, पण माझ्या मते अधिक विश्वसनीयही झाला.

या सर्व ज्ञानाचा व्यवहारात कस लागला तो स्टेंटच्या प्रसंगी. आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ साली झुरिच येथे जागृत माणसाच्या हृदयरोहिणीत पहिल्यांदा फुगा फुगविला, तेव्हापासून रोहिणी उघडणे आणि तिचे अस्तर फाडणे या दोन क्रिया एकाच वेळी घडू लागल्या. त्या जखमेवर स्नायुपेशी बेसुमार वाढून वाट पुन्हा अरुंद होई, म्हणून वाट उघडी ठेवण्यासाठी बसविल्या जाणाऱ्या धातूच्या जाळीवर, म्हणजे स्टेंटवर, वाढ रोखणारे औषध चढविण्यात आले. परंतु त्या औषधाने अंतःस्तराच्या वाढीलाही मज्जाव केला. रेणू विरमाणी आदी विकृतिशास्त्रज्ञांनी मृत रुग्णांच्या रोहिण्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा बसवून कित्येक महिने लोटलेल्या जाळीच्या तारा ठिकठिकाणी उघड्याच आढळल्या, आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होण्यास वेळ लागत नाही.

आपल्या देशात २०१७ साली सरकारने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३०,००० रुपयांवर आणली, तेव्हा लाखाच्या वर मोजावे लागणाऱ्या कुटुंबांना केवढा दिलासा मिळाला हे सांगावयास नको. पण स्टेंट परवडला म्हणून काम संपत नाही. तो टाकल्यावर ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ करण्याची दुसरी गोळी कित्येक महिने, बहुधा वर्षभर, घ्यावयास सांगतात. छातीत दुखत नाही, म्हणून तीनचार महिन्यांनी ती परस्पर बंद करणारे रुग्ण पुष्कळ असतात. बिंबिकांना आवरण्याचे जे काम निरोगी अंतःस्तर करतो, तेच या गोळ्यांनी त्या मुदतीत करावयाचे असते, आणि मुदत किती हे छातीतल्या दुखण्यावरून ठरत नाही. जाळीवर नवे अस्तर कधी चढते त्यावरून ठरते.