चेण्यात राहून एम.ए.

घोडबंदर मार्गावर, एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आणि दुसऱ्या अंगास वसईची खाडी, अशा बेचक्यात वसलेल्या चेण्याहून कलिन्याचे मुंबई विद्यापीठ गाठावयाचे म्हणजे वाहनांच्या गर्दीत दिवसाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. म्हणूनच, दिवसभर नोकरी करून, रात्री भांडी आवरल्यावर कानात इअरफोन घालून व्याख्यान ऐकणाऱ्या, आणि रेंज गेली की मोबाइल खिडकीशी नेऊन ठेवणाऱ्या विद्यार्थिनीस ऑनलाइन एम.ए. हीच उच्च शिक्षणाची खरीखुरी वाट ठरते. या वाटेस पूर्वपीठिका आहे: मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ पासूनचे, नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ चे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांन्वये मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचा खुलासाही आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केला. उणीव आहे ती सहाध्यायांच्या सहवासाची आणि ग्रंथालयाची, आणि ती, माझ्या मते, लहान नाही. शुल्क भरण्यापूर्वी मात्र संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत आहे की नाही, याची खातरजमा वाचकांनी अवश्य करावी.