एटीव्ही: स्वाराच्या वजनावर तोललेले वाहन

स्वरूप

ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजेच एटीव्ही किंवा क्वाड बाईक, हे मोटारसायकल आणि मोटार यांच्या मधले वाहन आहे. चाके चार असली तरी दिशा हँडलने बदलते. आसन दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्याचे असते आणि टायर रुंद व कमी हवेचे असतात. पाचगणी-लोणावळ्याकडे आणि कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेरी मारून आणणारी गाडी म्हणून महाराष्ट्राला तिची ओळख झाली. मुंबई पोलिसांनी चौपाट्यांवरच्या गस्तीसाठीही ती वापरली आहे. मात्र तिचा मोठा वापर न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातील शेतांवर आणि उत्तर अमेरिकेतील जंगलवाटांवर होतो. शेजारी-शेजारी आसने, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा असलेले ‘साइड-बाय-साइड’ हे निराळे वाहन आहे. त्यात माणूस बांधलेला असतो. एटीव्हीवर तो मोकळा असतो आणि मोकळाच असावा लागतो. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका फरकातून निघतात.

तीन चाकांचा धडा

हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री थंडावते म्हणून अमेरिकेतील विक्रेत्यांना बर्फावरही चालेल असे काहीतरी हवे होते. त्यातून होंडाने १९७० मध्ये तीनचाकी एटीव्ही बाजारात आणली. तिला सस्पेन्शन नव्हते. फुगीर टायरच धक्के झेलत. सुझुकीने १९८२ मध्ये चारचाकी आणली आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारे मॉडेल काढले. दरम्यान तीनचाकीचे अपघात चिंताजनक झाले होते. तीन चाकांचा आधार त्रिकोणी असतो आणि पुढे निमुळता होत जातो. वळणात ब्रेक लागला की वजन नेमके त्या निमुळत्या बाजूला सरकते आणि गाडी कोपऱ्यावरून उलटते. १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड झाली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, खरेदीदाराला प्रशिक्षण देण्याची अट आली आणि ९० सीसीपेक्षा मोठी गाडी सोळा वर्षांखालील मुलांना नको, असे ठरले. २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींवर थेट बंदी आली. चौथ्या चाकाने धोका कमी केला, पण मूळ प्रश्न शिल्लक राहिला.

तोल कसा राहतो

मूळ प्रश्न भूमितीचा आहे. गाडी उलटेल की नाही हे मुख्यतः दोन मापांवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. एटीव्हीची रुंदी साधारण सव्वा मीटर असते. दगड-ओंडके ओलांडता यावेत म्हणून तिचे पोट जमिनीपासून बरेच उंच ठेवलेले असते. म्हणजे खडबडीत जमिनीवर जो गुण उपयोगी पडतो, तोच गुण तोल नाजूक करतो.

त्यात स्वाराची भर पडते. १२०० किलोच्या मोटारीत ८० किलोचा चालक बसला तर तो एकूण वजनाचा सोळावा भाग होतो. ३२० किलोच्या एटीव्हीवर तोच माणूस पाचवा भाग होतो आणि बसतोही सगळ्यात वर. त्यामुळे त्याचे शरीर सरकले की गाडी आणि माणूस यांचा सामाईक गुरुत्वमध्य लक्षणीय सरकतो. वळणात आतल्या बाजूला झुकणे, चढावर पुढे सरकणे, उतारावर मागे जाणे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला वजन टाकणे या हालचालींखेरीज गाडी पूर्ण होत नाही. अनेक एटीव्हींच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड आस असते, डिफरन्शियल नसते. दोन्ही चाके सारखीच फिरतात म्हणून गाडीची ओढ सरळ जाण्याकडे असते. नुसते हँडल फिरवले तर ती वळण सोडून पुढे निघते. शरीर झुकवले तर वळते.

थ्रॉटल मोटारसायकलसारखा पिळण्याचा नसून उजव्या अंगठ्याने दाबायचा का असतो, याचा उलगडाही येथेच होतो. स्वार सतत पुढे-मागे सरकत असताना पिळायची मूठ नकळत फिरली असती. अंगठ्याची कळ सोडताच परत येते. नवशिक्यासाठी या कळीजवळ मर्यादा-स्क्रू असतो. तो आत फिरवला की कळ पूर्ण दाबली जात नाही आणि वेग आटोक्यात राहतो. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी हा स्क्रू तपासलाच पाहिजे.

दुसरा माणूस का नको

लांब आसन पाहून ते दोघांसाठी आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती लांबी स्वाराला पुढे-मागे सरकण्यासाठी ठेवलेली आहे. मागे कोणी बसले की ती जागा जाते, गुरुत्वमध्य वर व मागे सरकतो आणि चढावर पुढची चाके हलकी होऊन हँडल निकामी ठरते. दोघांसाठी खास बांधलेल्या, लांब चाकतळाच्या एटीव्ही मिळतात. त्या वगळता मागे माणूस नको. आईवडिलांनी लहान मुलाला पुढ्यात घेऊन फिरवणे सर्वांत घातक आहे, कारण मूल हँडल आणि मोठ्याची छाती यांच्यामध्ये अडकते.

टायर आणि डांबरी रस्ता

एटीव्हीच्या टायरमध्ये बहुधा ४ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते. मोटारीच्या टायरमध्ये ती तिशीच्या घरात असते. कमी दाबामुळे टायर जमिनीच्या आकाराप्रमाणे दबतो आणि पकड वाढते. पेट्रोल पंपावरच्या मापकावर एवढा कमी दाब नीट कळत नाही, म्हणून कमी दाबाचा स्वतंत्र मापक लागतो. दोन बाजूंना एका पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका अंगाला ओढते. हेच मऊ, गाठीदार टायर डांबरावर अनपेक्षित घट्ट पकडतात. मातीत आतले चाक थोडे घसरते म्हणून अखंड आस निभावते. डांबरावर ते घसरत नाही आणि वेगात वळताना गाडी उचलली जाते. म्हणून डांबरी रस्ता फक्त ओलांडावा, असा प्रशिक्षणातला नियम आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणीच होत नाही.

चढावर इंजिन बंद पडले तर

हा प्रसंग आधीच समजून घेण्यासारखा आहे, कारण त्या क्षणी विचाराला वेळ नसतो. गाडी थांबताच वजन पुढे, चढाच्या दिशेला ठेवून ब्रेक दाबायचे आणि पार्किंग ब्रेक लावायचा. त्यानंतर बाजूने उतरायचे. गाडी तिरपी असेल तर वरच्या बाजूने. गाडी मागे घरंगळू लागली तर केवळ मागचा ब्रेक दाबणे घातक ठरते: मागची चाके थांबतात, वजन मागे येतच राहते आणि गाडी स्वारावर पालथी होते. अशा वेळी वजन चढाच्या बाजूला ठेवून आधी पुढचा ब्रेक हळूहळू दाबायचा असतो. उतरताना उलट शिस्त लागते. आरंभीच खालचा गिअर टाकून वेग इंजिनाला रोखू द्यावा. पट्ट्यावर चालणाऱ्या स्वयंचलित गाड्यांत ‘लो’ निवडल्याने पट्टाही कमी तापतो.

अंगावरची साधने आणि मागची कमान

हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट आणि घोटा झाकणारे बूट हा किमान संच आहे. हेल्मेट डोके वाचवते, पण उलटलेल्या गाडीखाली छाती दबून गुदमरणे त्याने टळत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाने ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेती व सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाईकवर आसनामागे संरक्षक कमान सक्तीची केली. गाडी कलंडली तरी कमानीमुळे खाली पोकळी राहते. आडव्या कलाची कसोटीही ठरली: तिरप्या मेजावर किमान २८.८१ अंशांपर्यंत गाडीने टिकले पाहिजे. कमान स्वतःच स्वाराला लागू शकते असा आक्षेप घेत होंडा, यामाहा यांसारख्या काही मोठ्या उत्पादकांनी तेथे अशा गाड्यांची विक्री सोडली. शेतावरचे पुष्कळ अपघात कमी वेगात गाडी अंगावर कलंडून होतात, आणि तेथे कमानीचे पारडे जड वाटते. वेगवान क्रीडावापराला तो निष्कर्ष तसाच लागू होत नाही.

एक खरी वाट: पायूट ट्रेल

अमेरिकेच्या यूटा राज्यात फिशलेक राष्ट्रीय वनात आणि त्याच्या आसपास पायूट ट्रेल पसरली आहे. तिचे मुख्य वर्तुळ सुमारे २७५ मैलांचे, म्हणजे जवळजवळ ४४० किलोमीटरचे आहे. तिला ठरलेला आरंभ किंवा शेवट नाही. मेरीस्वेल, सर्कलव्हिल, बीव्हर, रिचफिल्ड अशी गावे तिच्यावर किंवा जवळ आहेत, त्यामुळे इंधन आणि मुक्काम मिळतो. काही टप्पे ५० इंचांपेक्षा, म्हणजे १२७ सेंटिमीटरपेक्षा, रुंद वाहनांना बंद आहेत. तेथे एटीव्हीची अरुंद बांधणी उपयोगी पडते.

वाट ३,००० मीटरच्याही वर चढते. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते आणि इंजिनाची शक्तीही जवळपास तेवढीच उरते. इंधन-इंजेक्शन मिश्रण जुळवून घेते, पण हरवलेली शक्ती परत आणत नाही; सपाटीवर सहज ओढलेले सामान तेथे जड होते. उन्हाळ्याच्या दुपारी या पठारांवर विजांचे वादळ येते. त्यामुळे उंच टप्पे सकाळी आटोपले जातात.

सामान, विंच आणि संपर्क

मध्यम आकाराच्या गाडीचा पुढचा रॅक साधारण ४० किलो आणि मागचा ८० किलो पेलतो. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. जड वस्तू खाली व मध्याकडे, हलकी वर, आणि सर्व पट्ट्यांनी आवळलेले असावे. पाण्याची अर्धवट भरलेली टाकी विशेष वाईट, कारण वळणात पाणी बाहेरच्या बाजूला धावते. पंक्चरच्या वाती, छोटा पंप, सुटा पट्टा, औषधपेटी आणि पाणी यांना तंबूच्याही आधी जागा द्यावी.

विंच म्हणजे दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र. ती घेताना तिची ओढशक्ती लादलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी. छापलेला आकडा ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराचा असतो. दोर जितका गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. कप्पी लावली की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. झाडाला रुंद पट्टा बांधावा, नुसता दोर खोडाची साल कापतो. ताणलेला पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो, म्हणून त्यावर जाड जाकीट टाकतात आणि बघ्यांना दूर ठेवतात. कृत्रिम धाग्याच्या दोरात ताणाची ऊर्जा कमी साठते, पण तो उन्हाने आणि घासण्याने झिजतो.

दुर्गम वाटेवर मोबाइलची रेंज नसते. अमेरिकेत उपग्रह-संदेश यंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन सर्रास नेतात. तेच यंत्र भारतात आणण्यापूर्वी परवानगी हवी. ते जवळ बाळगल्याने गोवा विमानतळावर परदेशी पर्यटकांची अडवणूक झालेली आहे.

वाटेवरच राहणे

रुंद टायर जमिनीवर कमी दाब देतात, तरी घसरणारे चाक गवत उपटते आणि त्या चरातून पावसाचे पाणी माती नेते. अमेरिकी वनखाते म्हणूनच कोणत्या वाटेवर कोणते वाहन चालेल याचे नकाशे काढते. सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक जाळी लागते, कारण धुराबरोबर बाहेर पडणाऱ्या ठिणग्यांनी वाळलेले गवत पेटू शकते. कोकणात प्रश्न वाळूचा आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे मुख्यतः हिवाळ्यात भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. चाकाखाली ती वाळू घट्ट होते आणि चाकोऱ्यांत अडकलेल्या पिल्लांना समुद्र गाठता येत नाही. जेथे किनाऱ्यावर गाडी नेण्याची परवानगी आहे तेथेही विणीच्या हंगामात हा वरचा पट्टा टाळावा लागतो, आणि रात्री तर गाडी नेऊच नये.