पुडीतले आयोडीन, बाटलीतले आयोडीन

भाट्यातील माझ्या दवाखान्यात गेल्या आठवड्यात एक काकू सुनेला तपासायला घेऊन आल्या. सुनेला पाचवा महिना. जाता जाता काकूंनी विचारले, "डॉक्टर, पुडीतल्या आयोडीनच्या मिठानं रक्त नासतं, किडन्या जातात म्हणे. मी खडेमीठ आणलंय. चालेल ना?"

काकूंची भीती अगदीच निराधार नाही. मिठात मिसळतात ते पोटॅशियम आयोडेट. ते फार मोठ्या प्रमाणात शरीरात गेले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्यांतले हिमोग्लोबिन मोकळे होऊन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकते. लघवी कोऱ्या चहासारखी होते, पुढे कमी होत जाते. आयोडेटमुळे रक्त व मूत्रपिंड बिघडल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. १९२० च्या दशकात जर्मनीत 'सेप्टोजोड' नावाच्या आयोडेटयुक्त इंजेक्शनाने काही रुग्णांची दृष्टीही गेली.

पण विष ठरते ते प्रमाणावरून. माणसाच्या डोळ्यांना इजा झाली ती सुमारे ६०० ते १२०० मिलिग्रॅम आयोडेट गेल्यावर. आपल्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. म्हणजे दिवसाच्या १० ग्रॅम मिठातून आयोडेट जाते जेमतेम पाव मिलिग्रॅम, आणि तेही शरीरात लगेच निरुपद्रवी आयोडाइड बनते. ६०० मिलिग्रॅम भरायला एका दमात २४ किलो मीठ खावे लागेल!

उलट गरोदरपणी रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. समुद्राकाठी राहून आयोडीन आपोआप मिळते, हा गैरसमज आहे. साध्या खडेमिठात ते जवळजवळ नसतेच. मासळीत असते, पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की ताटातली मासळीही घटते.

मग जपायचे कुठे? बाटलीपाशी. टिंक्चर आयोडीन आणि जखमेवरचे पोव्हिडोन आयोडीन मुलांच्या हाती लागू देऊ नये. कुणी प्यायलेच तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मोठ्या जखमेवर किंवा भाजलेल्या भागावर हे औषध विचारल्याशिवाय वारंवार लावू नये. ते त्वचेतून रक्तात शिरते आणि साचते. सी. टी. स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधातही आयोडीन असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास ते आधी सांगावे, क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवावा.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगतात ते त्यातल्या सोडियममुळे, आयोडीनमुळे नव्हे. 'कमी सोडियम'वाले मीठ मात्र त्यांनी परस्पर आणू नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते, आणि ते दुबळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. थायरॉइडचे औषध चालू असेल त्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

काकूंना मी एवढेच सांगितले, "खडेमीठ मासे खारवायला ठेवा, आमटीत पुडीतलं घाला. बरणीचं झाकण घट्ट लावा, ओल लागली की आयोडीन उडतं."

काकू हसल्या. म्हणाल्या, "मग आजपासून बरणी बदलते."